घरचा लादी पाव: सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि उत्तरं

घरी लादी पाव करायला घेतला की पडणारे प्रश्न, जे मला सारखे येत असतात, ते इथे एकत्र करून ठेवलेत. सोपे आधी, किचकट नंतर. एक गोष्ट आधीच सांगते कारण बहुतेक तक्रारी शेवटी तिथेच येऊन थांबतात: रेसिपीतली मिनिटं अगदी मनापासून पाळली जातात पण भांड्यातल्या पिठाकडे कुणी बघत नाही. पाव मिनिटांवर होत नाही, पिठाच्या अवस्थेवर होतो, आणि ती अवस्था नागपूरच्या मे महिन्यात वेगळ्या वेळेला येते, पुण्याच्या डिसेंबरात वेगळ्या.

१. पहिल्यांदाच करतेय, साधं आणि सहसा न चुकणारं माप सांगा ना?

मैदा ५०० ग्रॅम, पाणी आणि दूध मिळून साधारण ३१५ मिली (मी निम्मं निम्मं घेते), साखर २५ ग्रॅम, मीठ ९ ते १० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, बटर ३० ग्रॅम. याचे १२ पाव होतात, एकेक उंडा ७० ते ७५ ग्रॅमचा. बटर सोडून सगळं एकत्र भिजवा, २० मिनिटं झाकून ठेवा, मग मळायला घ्या आणि पीठ जरा गुळगुळीत झालं की बटर थोडं थोडं मुरवा. दुप्पट फुगू द्या, उंडे करा, ट्रेमधे बोटभर अंतराने लावा, पुन्हा फुगून एकमेकांना चिकटले की वरून दूध लावून १९० डिग्रीवर १८ ते २२ मिनिटं भाजा. ९ बाय १२ इंचाचा ट्रे लागतो, छोट्या ओटीजीत (ओट्यावरचा विजेचा ओव्हन) तो बसणार नाही, तेव्हा अर्धं माप घ्या.

आणि प्लीज वजनकाटा घ्या. वाटीने मोजलेला मैदा कधी ११५ ग्रॅम भरतो कधी १४५, चाळून घेतला की दाबून घेतला त्यावर, आणि मग "तुमच्या मापाने पीठ पातळ झालं" असं होतं. काटा नसेलच तर यीस्टचा एक सपाट छोटा चमचा म्हणजे साधारण ३ ग्रॅम, मिठाचा ५ ते ६ ग्रॅम.

२. पावात अंडं असतं का? आमच्याकडे चालत नाही.

या मापात नाही. साध्या लादी पावात अंड्याची गरजच नसते, चकाकी दुधाने किंवा भाजल्यावर लावलेल्या बटरने येते. विकतच्या बन किंवा ब्रिओशसारख्या पावात मात्र असू शकतं, तिथे विचारून घ्यावं. काही जैन घरांत यीस्टही चालत नाही, त्यांच्यासाठी प्रश्न ४ बघा.

३. दुकानात तीन प्रकारचं यीस्ट दिसतं, कोणतं घेऊ?

नवीन असाल तर इन्स्टंट. बारीक दाणे, सरळ मैद्यात मिसळायचं, वेगळं फुलवायची गरज नाही. ॲक्टिव्ह ड्राय यीस्टचे दाणे जरा जाड असतात, ते आधी कोमट पाण्यात साखर घालून १० मिनिटं भिजवायचं. तिसरं फ्रेश यीस्ट, बेकरीवाले वापरतात ते, मऊ वडी असते, फ्रीजमधे दोनेक आठवडे टिकते आणि चांगली असेल तर बोटांत कुसकरली जाते, चिकट झाली किंवा घाण वास आला तर टाकून द्या. बदलून वापरायचं तर १० ग्रॅम फ्रेश म्हणजे साधारण ४ ग्रॅम ॲक्टिव्ह ड्राय म्हणजे साधारण ३ ते साडेतीन ग्रॅम इन्स्टंट.

उघडलेलं पाकीट हवाबंद डबीत घालून फ्रीझरमधे ठेवा. ओट्यावरच्या कपाटात ठेवलं की आपल्याकडच्या दमट हवेत ते लवकर मरतं.

४. यीस्ट ऐवजी बेकिंग पावडर किंवा इनो घालून चालेल का?

खायला होईल, पण पाव होणार नाही. बेकिंग पावडर आणि इनो दोन्ही गॅस पटकन सोडून मोकळे होतात, त्यातून जे येतं ते केकच्या किंवा स्कोनच्या जातीचं, भुसभुशीत, तुटणारं. लादी पाव सोलल्यावर जे रेशे सुटतात ते मळलेल्या पिठात यीस्टने सावकाश भरलेल्या गॅसमुळे असतात. यीस्ट चालतच नसेल तर दही आणि बेकिंग सोडा घालून बन करा, छान लागतात, फक्त पावभाजीच्या पावाची अपेक्षा ठेवू नका. आणि ते पीठ मळून तासभर ठेवायचं नाही, लगेच भाजायचं.

५. यीस्ट फुललंच नाही, खराब होतं की माझं काही चुकलं?

बहुतेक वेळा पाणी जास्त गरम असतं. यीस्टला ३५ ते ४० डिग्रीचं पाणी आवडतं, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला टाकलं तर गरमही नाही गारही नाही असं, आणि ५५ ते ६० च्या आसपास ते मरतंच. "चहासारखं नाही पण गरम" या अंदाजाने घेतलेलं पाणी बऱ्याचदा ५० च्या वर असतं.

शंका असेल तर अर्धी वाटी कोमट पाणी, चमचाभर साखर, चमचाभर यीस्ट, १० मिनिटं. वर फेसाची टोपी आली तर जिवंत. नाही आली तर दुसरं पाकीट, त्याच यीस्टचं प्रमाण दुप्पट करून काही होत नाही.

मिठाचंही विचारतात की मीठ लागलं की यीस्ट मरतं का. कोरड्या मैद्यात दोन्ही घालून लगेच भिजवलं तर काही बिघडत नाही, फक्त चिमटीभर पाण्यात यीस्ट आणि मीठ एकत्र कालवून ठेवू नका. मीठ वगळूही नका, मिठाने पिठाला ताकद येते आणि फुगण्याचा वेग ताब्यात राहतो, बिनमिठाचं पीठ पसरट आणि पाव बेचव होतो.

६. मैदा कोणता? नेहमीच्या वाण्याकडच्या सुट्या मैद्याचा होईल का?

होईल. पण पाकिटाच्या मागे प्रोटीन किती लिहिलंय ते वाचायची सवय लावा, १०० ग्रॅममागे १० ते ११ असेल तर लादी पावाला छान. ९ च्या आसपास असेल तर पाणी दोनेक चमचे कमी घ्या आणि मळणं जरा जास्त. १२ च्या वरचं ब्रेड फ्लोअर मिळतं हल्ली, पण लादी पावासाठी ते आणायला पैसे घालवू नका असं माझं मत आहे, पाव जरा चिवट होतो, ते सावरडो आणि पिझ्झ्याला शोभतं.

७. पीठ हाताला इतकं चिकटतं की मळताच येत नाही, अजून मैदा घालू ना?

नको! दगड झालेल्या पावांचं हे एक नंबरचं कारण आहे. पोळीच्या कणकेची सवय असलेल्या हाताला पावाचं पीठ चुकीचंच वाटतं, ते कणकेपेक्षा सैल असतं आणि असायलाच हवं. सुरुवातीचा चिकटपणा ग्लूटेन (पिठातल्या प्रथिनांचं ताणलं जाणारं जाळं) तयार झालं की आपोआप कमी होतो, म्हणून आधी २० मिनिटं झाकून ठेवायचं, तेवढ्यात पाणी मुरतं आणि न मळताच अर्धं काम होतं. मग हाताला मैदा नाही, थोडं तेल किंवा पाणी लावा आणि पीठ ओट्यावर ताणून दुमडून मळा. १० मिनिटं नेटाने मळल्यावरही ते पातळ खिरीसारखं पसरत असेल तरच चमचाभर मैदा. पावसाळ्यात मैदा हवेतलंच पाणी धरून असतो, तेव्हा १० ते १५ मिली पाणी सुरुवातीलाच मागे ठेवा, लागलं तर घाला.

८. मळून झालं हे कळायचं कसं?

लिंबाएवढा गोळा घ्या, दोन्ही हातांनी हळूहळू ताणा. पडदा इतका पातळ झाला की पलीकडचा उजेड दिसतोय आणि फाटत नाहीये, तर झालं. लगेच फाटला तर अजून मळा. हाताने १२ ते १५ मिनिटं लागतात, स्टँड मिक्सरवर ८ ते १०. फूड प्रोसेसरमधे दोन मिनिटांतच होतं पण पीठ गरम होतं, तेव्हा गार पाणी वापरा. चटणीच्या मिक्सरच्या भांड्यात करू नका, मोटर जळेल.

९. रेसिपीत एक तास फुगवा लिहिलंय, माझं अर्ध्या तासात वर आलं, बहिणीचं पुण्यात तीन तासात पण नाही. कोणाचं चुकलं?

कोणाचंच नाही. पीठ गार असेल तर यीस्ट हळू चालतं, गरम असेल तर सुसाट, आठ-दहा डिग्रीच्या फरकाने वेग साधारण दुप्पट किंवा निम्मा होतो. मळल्यावर पीठ २५ ते २७ डिग्री असेल तर उत्तम, आणि ते पाण्याने साधायचं. विदर्भात उन्हाळ्यात करत असाल तर फ्रीजमधलं पाणी आणि निम्मं यीस्ट घ्या, थंडीत कोमट पाणी आणि पिठाचं भांडं बंद ओटीजीत गरम पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवा (ओटीजी चालू न करता, हे मुद्दाम लिहितेय). उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, एका बाजूने शिजतं.

बघायचं काय तर: पहिल्यांदा आकार दुप्पट झाला का. दुसऱ्यांदा, म्हणजे उंडे लावल्यावर, ओलं बोट हलकेच दाबा. खड्डा लगेच भरून आला तर थांबा. सावकाश आणि अर्धवट भरला तर भाजायला घ्या. अजिबातच भरला नाही आणि उंडे सुरकुतले तर जास्त झालं, पण टाकू नका, पुन्हा मळून हवा काढा, परत उंडे करा आणि यावेळी लवकर बघा. एकदा हे चालतं. दुसऱ्यांदा मात्र यीस्टला खायला फारसं उरत नाही, मग त्याच्या तव्यावर जाड रोट्या करा.

वेळ मिळत नसेल तर मळलेलं पीठ तेल लावलेल्या डब्यात घालून रात्रभर फ्रीजमधे टाका आणि सकाळी उंडे करा. ऑफिसला जाणाऱ्यांनी हेच करावं असं मला वाटतं, चवही जास्त चांगली येते.

१०. ओटीजीत कोणता रॉड लावायचा, किती तापमान?

दोन्ही रॉड, मधला रॅक, १९० डिग्री, आणि १० ते १५ मिनिटं आधी तापवून. छोट्या ओटीजीत वरचा रॉड अगदी डोक्यावर असतो, तिथे रॅक एक घर खाली घ्या आणि वरून रंग आला की फॉइल ठेवा. बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यात १५-२० डिग्रीचा फरक सहज असतो, म्हणून आत ठेवायचा छोटा ओव्हन थर्मामीटर घ्या, त्याने बाकी कुठल्याही साधनापेक्षा जास्त फरक पडतो.

लाईट बिलाचं विचारणाऱ्यांसाठी: १५०० वॅटचा ओटीजी ४० मिनिटं सलग चालला तर एक युनिट, आणि थर्मोस्टॅट मधेमधे बंद होतो त्यामुळे त्याहून कमीच. प्लग मात्र जाड पिनांचा, १६ अँपिअरचा, एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका.

११. घरी फक्त मायक्रोवेव्ह आहे / फक्त गॅस आहे. जमेल?

मायक्रोवेव्हला कन्व्हेक्शन मोड असेल तर जमेल, तापमान १० डिग्री कमी ठेवा कारण पंखा असतो. साध्या मायक्रोवेव्हमधे नाही, रंग येत नाही आणि पाव रबरासारखा होतो.

गॅसवर जाड बुडाची लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची कढई, आत स्टँड, वर घट्ट झाकण, मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा, मग ट्रे ठेवून मंद ते मध्यम आचेवर २५ ते ३० मिनिटं. खालून छान रंग येतो, वरून फिका राहतो, मग लादी उलटून तव्यावर मिनिटभर शेका. नॉनस्टिक कढई रिकामी तापवू नका, लेप खराब होतो आणि त्याचा धूर वाईट. शिट्टी-रिंग काढून कुकरमधे करतात बरेच जण, पण बिनपाण्याचा कुकर असा तापवत राहणं मला पटत नाही, रोजच्या वरणभाताचं भांडं आहे ते.

१२. वरून मस्त लाल, आत कच्चा. का?

वरचा रॉड जवळ किंवा तापमान जास्त, ते प्रश्न १० मधे आलंय. दुसरं कारण घाई. लादीचा मधला पाव सगळ्यात शेवटी होतो, म्हणून मधली फट जरा उघडून बघा, ओल्या तारा दिसल्या तर अजून चार-पाच मिनिटं. पावात टोचायचा थर्मामीटर असेल तर मधोमध ९२-९४ डिग्री. आणि बाहेर काढल्यावर १५-२० मिनिटं तोडू नका, आतली वाफ अजून काम करत असते, गरम फाडलेला पाव चिकटच लागणार.

१३. कडक होतो. बेकरीसारखा मऊ रहात नाही.

बाहेर काढल्याकाढल्या बटर लावा आणि स्वच्छ सुती कापडाने झाका, पाव स्वतःच्याच वाफेने मऊ होतो. मापात दूध आणि बटर आहे ते वगळू नका. आणि वीसऐवजी तीस मिनिटं मंद भाजू नका, सुकतो.

दुसऱ्या दिवशीसाठी अजून एक युक्ती: मैद्यातला २५ ग्रॅम बाजूला घेऊन १२५ मिली पाण्यात गॅसवर शिजवून पिठल्यासारखा घट्ट करा, गार झाला की पिठात घाला (पाणी आणि मैदा एकूण मापातलाच). शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो, पाव दोन-तीन दिवस मऊ.

तरीही बेकरीच्या पावाइतका हलका होईलच असं नाही कारण तिथे सुधारक (पाव जास्त फुगावा म्हणून पिठात घालायची रसायनं) घालतात, जोरकस मिक्सर असतात आणि भट्टीही वेगळी. २०१६ च्या मे महिन्यात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने ब्रेडच्या नमुन्यांमधे पोटॅशियम ब्रोमेट-आयोडेट या सुधारकांचे अंश सापडल्याचं सांगितलं, आणि पुढच्याच महिन्यात एफएसएसएआयने (देशाची अन्नसुरक्षा संस्था) पोटॅशियम ब्रोमेटवर बंदी घातली. घरी असलं काही लागत नाही, तेव्हा थोडा कमी फुगलेला पाव मी आनंदाने खाते.

१४. पूर्ण गव्हाच्या पिठाचा केला, वीट झाली. मैदा नकोच आहे आम्हाला.

कोंड्याचे कण ग्लूटेनचे पडदे कापतात आणि पाणीही जास्त पितात, शिवाय आपलं चक्कीचं पीठ पोळीसाठी दळलेलं असतं, दळताना गरम होतं, स्टार्च जास्त तुटतो. पाणी १०० ग्रॅम पिठाला ७० ते ७५ मिली घ्या, भिजवून ४० मिनिटं ठेवा आणि दुप्पट फुगायची वाट बघू नका, दीडपट झालं की उंडे. एकदम शंभर टक्क्यांवर जाण्याआधी निम्मं मैदा निम्मं गहू करून बघा. ५०० ग्रॅमला १५-२० ग्रॅम ग्लूटेन पावडर घातली तरी बराच फरक पडतो. हलका होणार नाही, पण दडसही राहणार नाही.

१५. फ्रीजमधे ठेवू का?

नको, फ्रीजच्या तापमानाला पावातला स्टार्च सगळ्यात वेगाने परत घट्ट होतो, म्हणून बाहेरच्यापेक्षा तिथे लवकर शिळा होतो. एक-दोन दिवस बाहेर डब्यात. त्यापुढे सरळ फ्रीझरमधे, आणि काढला की तव्यावर बटर लावून गरम करा, ताज्यासारखा लागतो. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर तर पहिल्याच दिवशी उरलेले फ्रीझरमधे टाका.

१६. बुरशी नाही दिसत पण आतून चिकट झालाय, तोडला की तारा सुटतात आणि पिकलेल्या खरबुजासारखा वास येतोय. कच्चा राहिला होता का?

नाही, आणि हा पाव खाऊ नका. हे एका जातीच्या बॅक्टेरियाचं काम आहे, त्याचे बीजाणू पिठातच असतात आणि भाजताना पावाच्या आत शंभरच्या खालीच तापमान राहतं त्यामुळे ते मरत नाहीत. हवा गरम आणि दमट असली की एक-दोन दिवसांत हे सुरू होतं. कच्चा पाव गार होतानाच चिकट असतो, हा आधी चांगला असतो आणि नंतर बिघडतो, फरक तो.

सगळी लादी टाकून द्या. ट्रे, काटा, ओटा, पिठाचं भांडं धुवून व्हिनेगरने पुसा, पुढच्या वेळी पिठाची नवीन पिशवी उघडा आणि ५०० ग्रॅमला दोन छोटे चमचे व्हिनेगर पाण्यात घाला, आंबटपणात हे जंतू वाढत नाहीत आणि चवीला कळतही नाही. पाव पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका.

१७. भाजताना मधेच लाईट गेली तर?

फुगताना गेली तर काहीच नाही. भाजताना गेली तर दार उघडू नका. ५-१० मिनिटांत आली तर तेवढी मिनिटं पुढे वाढवा. पहिल्या १० मिनिटांत गेली आणि येण्याचं चिन्ह नसेल तर तोवर कढई तापवून ट्रे तिकडे हलवा (प्रश्न ११), थोडा बसेल पण खाण्यासारखा होईल. पाव उभे राहून घट्ट झाले असतील आणि फक्त रंग बाकी असेल तर निश्चिंत राहा, गार होऊ द्या, लाईट आल्यावर २०० डिग्रीवर ८-१० मिनिटं.

१८. गोव्याची पोई घरी होते का?

होते, तंतोतंत नाही. पोई म्हणजे गव्हाचं पीठ आणि कोंडा, आत पोकळ, वर कोंडा भुरभुरलेला. गोव्यात पाव पोर्तुगीजांबरोबर आला आणि तिथले पोदेर (पाव करणारे) जुन्या पद्धतीत पीठ आंबवायला माडाची सूर (माडी) वापरायचे, आणि लाकडाच्या भट्टीत भाजायचे. आता बहुतेक ठिकाणी यीस्टच असतं.

घरी प्रश्न १४ चं निम्मं-निम्मं पीठ घ्या, बटर-दूध वगळा, फक्त पाणी. फुगल्यावर गोळे कोंड्यात घोळवून हाताने चपटे करा, अर्धा तास ठेवा. ओटीजी जास्तीत जास्त, २३० ते २५०, आणि आत लोखंडी तवा उलटा घालून अर्धा तास तापवलेला. पोई थेट त्या तव्यावर, ६ ते ८ मिनिटं. फुगून पोकळी पडली की झाली. ताजी सूर मिळत असेल तर जरूर करून बघा, पण तिची ताकद रोज वेगळी, त्यामुळे फुगायला किती वेळ लागेल ते पिठालाच विचारावं लागेल.

१९. आम्ही अमेरिकेत आहोत, इथल्या पिठाने तुमचं माप चालेल का?

चालेल, ऑल पर्पज घ्या. आपल्या मैद्यापेक्षा त्यात प्रोटीन थोडं जास्त असतं म्हणून १० ते १५ मिली पाणी जास्त लागू शकतं. थंडीत हीटर चालू असला तरी हवा फार कोरडी असते, पिठावर कातडं धरतं, तेव्हा कापड नको, घट्ट झाकण लावा. पाश्चराइज्ड थंड दूध सरळ न घालता एकदा उकळून कोमट करून घ्या, आपल्याकडे ते आधीच उकळलेलं असतं आणि न उकळलेल्या दुधातली प्रथिनं पीठ थोडं सैल करतात.

२०. सोसायटीत लोक मागतायत. विकायला काय लागतं?

घरून छोट्या प्रमाणात विकलं तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते, फॉसकॉस नावाच्या पोर्टलवर ऑनलाईन होते, कोणत्या उलाढालीला नोंदणी आणि कोणत्याला लायसन्स ते तिथेच बघा. नोंदणी क्रमांक आणि तयार केल्याची तारीख पाकिटावर घाला. घरच्या पावात टिकवायचं काही नसतं, म्हणून "आजच किंवा उद्या सकाळपर्यंत खा" असं लिहून द्या, आणि पावसाळ्यात प्रश्न १६ मधलं व्हिनेगर न विसरता घाला. ऑर्डर घेताना एका ओटीजीत एकावेळी एकच लादी बसते हे लक्षात ठेवून वेळ द्या, कारण पहिली भाजत असताना दुसरीचे उंडे वाट बघत फुगत राहतात. दुसऱ्या लादीचं पीठ अर्धा तास उशिरा मळा किंवा उंडे लावलेला ट्रे फ्रीजमधे ठेवा.